घाटात गाडी बंद पडते तेव्हा

संध्याकाळची कसारा लोकल खर्डी स्टेशनात थांबते, तेव्हा उतरलेली बरीच माणसे बाहेरच्या दुचाक्यांच्या रांगेकडे वळतात. सकाळी अंधारात उभी करून ठेवलेली गाडी दिवसभर उन्हात नाहीतर पावसात तशीच असते. कुणी सीटवरची धूळ रुमालाने झटकतो, कुणी गाडी हलवून टाकीतल्या पेट्रोलचा आवाज ऐकतो, कुणी उगाच ब्रेक दाबून पाहतो. मग एकामागून एक गाड्या सुरू होतात आणि वैतरणेच्या बाजूला, महामार्गापलीकडच्या गावांकडे, पाड्यांकडे निघून जातात. दहा मिनिटांत सारे मोकळे होते. एखादाच मागे राहतो. त्याची गाडी सुरू होत नसते.

या मागे राहिलेल्या माणसाविषयी आज लिहायचे आहे.

मुंबई-ठाण्यात दुचाकी बंद पडली तर माणूस वैतागतो, गाडी कडेला लावतो आणि रिक्षा करून घर गाठतो. आमच्या शहापूर तालुक्यात तसे नसते. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. रस्त्याला दिवे नसतात, आजूबाजूला तानसाच्या बाजूचे जंगल असते, मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते. म्हाताऱ्या आईचे औषध त्याच्या पिशवीत असते आणि घरचे वाट पाहत असतात. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्या डांबरी रस्त्यापासून पुढे शहापूरच्या रुग्णालयापर्यंत त्याला पुष्कळदा घेऊन जाते, ती शेजाऱ्यापाजाऱ्याची दुचाकीच. भाजी बाजारात तिच्यावर जाते, पोरे परीक्षेला तिच्यावर जातात, लग्नाची पत्रिका वाटायला आणि मयताचा निरोप सांगायलाही तीच निघते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. डोंगरात जाणाऱ्या यंत्राची किमान दुरुस्ती ते चालवणाऱ्याला आणि त्याच्या गावातल्या मिस्त्रीला करता आली पाहिजे. आणि ती करता येईल अशी माहिती, अवजारे आणि सुटे भाग त्यांना मिळाले पाहिजेत. एके काळी हे बरेचसे शक्य होते. आज ते हातातून निसटत चालले आहे, आणि त्याची फारशी कुणाला खंत दिसत नाही.

अण्णांचा रविवार

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बजाजची एम-८० घेतली. त्या काळी ही गाडी म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राचे खेचरच. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवलेला दूधवाला, मागे भाजीच्या पाट्या बांधलेला शेतकरी, पिशवी सांभाळत निघालेला पोस्टमन, सगळ्यांचे ओझे ती निमूटपणे ओढी. तिच्याआधी, १९७२ पासून, फिरोदियांच्या कायनेटिकची लुना मध्यमवर्गीय घरांत पोचली होतीच. पण चढ आला की लुनाला पायडल मारून हातभार लावावा लागे. डोंगरातल्या माणसाला गिअरची गाडी हवी होती.

दर रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरले जाई. एका वाटीत रॉकेल, शेजारी पाने, प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पुसायला जुने बनियन. अण्णा आधी प्लग काढून उजेडात धरत. “काय म्हणतोय बघ,” असे म्हणून तो माझ्या हातात देत. प्लगचे टोक काळे आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त झाले किंवा हवा कमी पडते आहे. पांढरट पडले असेल तर इंजिन फाजील तापते आहे. विटकरी-तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. मग कार्बोरेटरची वाटी उघडून तळाशी बसलेला गाळ काढायचा आणि जेट तोंडाने फुंकायचे. जेटमध्ये तार घालायची नाही, कारण ते बारीक भोक एकदा मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. एअर फिल्टर धुऊन सुकवायचा, क्लच आणि ब्रेकच्या वायरींत ऑइलचे थेंब सोडायचे, सगळे नटबोल्ट हाताने चाचपून पाहायचे. तासाभराचे काम. आई चहा घेऊन बाहेर येई आणि म्हणे, “त्या गाडीची जेवढी न्हाणी-धुणी होतात तेवढी या घरात कुणाची होत नाहीत!”

हा सारा उपद्व्याप करावा लागे तो इंजिनाच्या जातीमुळे. एम-८०, राजदूत, जुन्या स्कूटर या सगळ्या टू-स्ट्रोक. या इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एकदा स्फोट होतो. झडपा नसतात, भाग कमी, वजन कमी, आणि आकाराच्या मानाने जोर भरपूर. पण पिस्टनखालची पोकळी पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढून घेण्यासाठीच वापरली जात असल्याने तिथे वेगळे ऑइल भरून ठेवता येत नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, साधारणपणे लिटरमागे वीस मिलिलिटर. ‘ऑइल किती?’ हा पेट्रोल पंपावरचा प्रश्न आमच्या पिढीला चांगलाच आठवत असेल. ते ऑइल जळते, त्याचा निळसर धूर होतो, सायलेन्सरात काजळी धरते आणि गाडी हळूहळू गुदमरू लागते. वर्ष-सहा महिन्यांनी सायलेन्सर उतरवून, जाळून, ठोकून साफ करणे हा खर्डीच्या गॅरेजमधला नित्याचा कार्यक्रम असे.

घाटात या इंजिनाची आणखी एक खोड कळे. कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचवावे म्हणून माणूस थ्रॉटल पूर्ण बंद करून, गिअरमध्येच गाडी सोडून देतो. इंजिन तर चाकाबरोबर जोरात फिरत असते, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही. आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. कोरडा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये धरून बसतो. मागचे चाक जागच्या जागी अडकते. अण्णांच्या एका शिक्षक मित्राची गाडी अशीच उतारावर जाम झाली होती. ते खरचटण्यावर निभावले, पण त्या दिवसापासून अण्णांचा नियम पक्का झाला: उतारावर अधूनमधून थोडी रेस द्यायची, म्हणजे इंजिनाच्या घशाखाली दोन थेंब ऑइल उतरते. हे ज्ञान आमच्या भागात एकाने दुसऱ्याला सांगितले. मिस्त्रीने गिऱ्हाइकाला सांगितले, गिऱ्हाइकाने मुलाला सांगितले. घाटात माणसे सुखरूप राहिली त्यात या सांगण्याचा वाटा मोठा होता.

बर्फातली चुलत बहीण

जुन्या फटफटीच्या आठवणी काढून आज काय मिळणार, असे कुणाला वाटेल. म्हणून थोडे दूर, बर्फाच्या मुलखात जाऊ. गुलमर्गला सहलीला गेलेल्या वाचकांनी तिथे स्नो-स्कूटर पाहिली असेल. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. सियाचीन हिमनदीवर आपले लष्करही ती वापरते. अमेरिका-कॅनडाच्या पर्वतांत हौशी माणसे जी जबर ताकदीची स्नो-मोबाइल चालवतात, तिच्या इंजिनाचा जोर दीडशे अश्वशक्तीच्याही पुढे जातो. अण्णांच्या गाडीला या आकड्यांनी घेरी आली असती. पण नाते जवळचे आहे. डोंगरातल्या त्या अनेक यंत्रांचे इंजिन आजही टू-स्ट्रोकच असते, कारण मऊ बर्फावर वजन कमी आणि जोर जास्त लागतो. तिथेही ऑइलची पातळी बघायची, प्लग काढून बघायचा, काजळी साफ करायची. इंजिनाचा जोर पट्ट्यापर्यंत पोचवायला आपल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तसाच रबरी बेल्ट असतो. तो चढावर तापतो आणि कधी तुटतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर हवा इतकी विरळ होते की साध्या इंजिनाचा सुमारे चौथा हिस्सा जोर तिथेच गळून जातो.

त्या मुलखातला जाणता माणूस डोंगरात निघताना जादा बेल्ट, जादा प्लग, पाने आणि दोर बरोबर घेतल्याशिवाय निघत नाही, आणि शक्यतो एकटा जात नाही. बेल्ट बदलायला तो कुणाची वाट पाहत नाही. उणे तापमानात रात्र उघड्यावर काढणे म्हणजे काय, हे त्याला माहीत असते. इतक्या महागड्या, इतक्या ताकदवान यंत्राचा मालकसुद्धा हात काळे करायला लाजत नाही, हे आपण ध्यानात घेण्यासारखे आहे.

या यंत्राचा जन्मही एका खेड्यातल्या गॅरेजमधला. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या तरुणाने १९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, गॅरेज टाकले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात, रस्ते बर्फाने बंद झाले की, बर्फावर चालेल असे वाहन बनवण्याचा खटाटोप करायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बंद होते, रुग्णालयात वेळेवर नेता आले नाही आणि मूल गेले. त्यानंतर त्या माणसाने खटाटोप सोडला नाही. १९३७ मध्ये त्याच्या दातेरी चाक आणि पट्ट्याच्या यंत्रणेला पेटंट मिळाले आणि १९५९ मध्ये त्याची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली. पुढे त्याच्या नावाची कंपनी रेल्वे आणि विमाने बनवण्यापर्यंत पोचली. सुरुवात मात्र रस्ता बंद झाल्याचे दुःख भोगलेल्या गावच्या मिस्त्रीने केली होती. आपल्या पाड्यांवरच्या झोळीची आठवण ज्याला आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

‘विसरून जा’ म्हणणारी गाडी

आपल्याकडे १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आली. फोर-स्ट्रोक, कमी पेट्रोल पिणारी. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात घराघरांत पोचली. गाडी चांगलीच होती, म्हणून तर ती देशभर चालली. पण जाहिरातीतले ‘विसरून जा’ आपण फारच मनावर घेतले. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळे भरलेले असते. ते काळे पडते, घटते, वेळेवर बदलावे लागते. ते न बदलता वर्षभर गाडी पळवायची आणि मग इंजिनाचा आवाज आला की कंपनीच्या नावाने बोटे मोडायची, हा प्रकार मी आमच्या मिस्त्रीकडे असंख्य वेळा पाहिला आहे.

२००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक दुचाक्या बाजारातून गेल्या. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्यांच्या धुरात न जळलेले पेट्रोल आणि ऑइल असे, आणि तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जात होता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. कार्बोरेटर बहुतेक हद्दपार झाला. आता सेन्सर हवा आणि उष्णता मोजतात, छोटा संगणक हिशेब करतो आणि इंजेक्टर नेमके तेवढेच पेट्रोल आत फवारतो. गाडी कमी धूर सोडते, सकाळी थंडीत पटकन सुरू होते. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. ओल्या घाटरस्त्यावर तिने कित्येकांचे हातपाय वाचवले असतील. नव्या यंत्राला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

तक्रार वेगळी आहे. आमच्या शेजारचा एक मुलगा आसनगावजवळ कारखान्यात कामाला जातो. कर्ज काढून त्याने नवी मोटारसायकल घेतली. गेल्या जुलैत भर पावसात तिच्यावरचा पिवळा दिवा लागला आणि थोड्या वेळाने गाडी बंद पडली. किक नव्हती, ढकलूनही उपयोग झाला नाही. त्याने गाडी ढकलत गावातल्या मिस्त्रीकडे आणली. मिस्त्री पंचवीस वर्षे याच धंद्यात आहे. इंजिन खोलून डोळे मिटून जोडील असा माणूस. तो म्हणाला, “दादा, पाणी गेलंय कुठंतरी वायरिंगमध्ये, पण नक्की कुठं ते बघायचं यंत्र माझ्याकडं नाही. आणि मी हात लावला तर तुझी वॉरंटी जायची.” गाडी टेम्पोत घालून दूरच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिसऱ्या दिवशी मिळाली. एका सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरून गंज धरला होता. ती साफ केली, बस. दुरुस्तीचे बिल किरकोळ होते. टेम्पोचे भाडे आणि तीन दिवसांचा बुडालेला रोज त्याहून कितीतरी जास्त होता.

मिस्त्रीचा अंदाज बरोबर होता. कमी होते ते त्याच्या हातातले एक तपासणीचे यंत्र आणि त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा. या दोन गोष्टी कंपनीबाहेर सहज मिळत नाहीत, एवढ्यासाठी डोंगरातल्या माणसाने तीन दिवस घरी बसायचे का, हा माझा प्रश्न आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अर्धवट माहितीच्या माणसाने ब्रेकच्या यंत्रणेत हात घातला तर जीव जाईल, नकली भाग बसवले तर दोष आमच्यावर येईल, असे त्या म्हणतात. यात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय माणसाला पूर्ण माहिती देणे हाच आहे. माहिती दडवून ठेवल्याने गावातला मिस्त्री दुरुस्ती करायची थांबत नाही. तो अंदाजाने करतो. ते जास्त धोक्याचे.

जगात याचा विचार सुरू झाला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच मोठ्या बहुमताने कौल दिला की मोटारींच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही मिळाली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि खर्डीच्या मिस्त्रीच्या टपरीपर्यंत त्याचा उजेड अजून पोचलेला मला दिसलेला नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. प्रत्येक दुचाकीबरोबर दुरुस्तीची सचित्र पुस्तिका मराठीत द्यावी. आज मिळते ती पुस्तिका बहुधा हेल्मेट घाला आणि सर्व्हिस सेंटरला भेट द्या, एवढेच नीट सांगते. दोष दाखवणारे तपासणी-यंत्र वाजवी किमतीत कुठल्याही गॅरेजला घेता यावे. तालुक्याच्या आयटीआयने जुन्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे किंवा बाजाराच्या सुटीचे छोटे वर्ग घ्यावेत. ज्याने आयुष्यभर कार्बोरेटर साफ केला त्याला सेन्सर शिकायला फार दिवस लागणार नाहीत. बाहेर साधी दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये. विजेवरच्या दुचाक्या आता आमच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत; लुनासुद्धा २०२४ मध्ये विजेवरची होऊन परत आली. त्यांच्याबाबत हे सारे आत्ताच ठरले नाही, तर उद्या पाड्यावर बंद पडलेल्या गाडीला कुलूपबंद पेटीच समजावे लागेल.

आपला वाटा

सगळे सरकारवर आणि कंपन्यांवर ढकलून मोकळे होणेही बरोबर नाही. आमच्या दाराशीच थळघाट आहे. १८६५ मध्ये तिथून रेल्वे सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. आजही जड गाड्यांना वर ढकलायला मागून जादा इंजिने लावतात. आणि खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय तिला घाटात सोडत नाहीत. दीडशेहून अधिक वर्षे झाली, इंजिने वाफेची होती ती विजेची झाली, पण हा रिवाज कुणी सोडला नाही. एवढी मोठी रेल्वे घाटापुढे इतकी नम्र राहते आणि आपण मात्र बायको-पोरांना मागे बसवून, झिजलेल्या लायनरवर, गुळगुळीत टायरवर, गिअर काढून गाडी उतारावर सोडतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मोटारवाले बोगद्यातून सपाट निघून जाऊ लागले. पण त्या महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. आपल्या वाट्याला जुना घाट होता आणि तोच राहणार आहे.

तेव्हा आठवड्यातून दहा मिनिटे काढावीत. टायरमधली हवा आणि झीज, दोन्ही ब्रेक, चेनचा ताण आणि तिच्यावरचे ऑइल, इंजिन ऑइलची पातळी, पुढचा-मागचा दिवा, हॉर्न, एवढे नुसते पाहावे. पावसाळ्याआधी बॅटरीची टोके साफ करून घ्यावीत. सीटखाली पाने, एक जादा प्लग, विजेरी आणि दोरीचा तुकडा ठेवावा. आणि हे घरातल्या मुलींनाही शिकवावे. आज आमच्या भागातल्या कितीतरी मुली स्कूटर घेऊन कॉलेजला, नोकरीला जातात. गाडी बंद पडली की त्यांनाच सर्वात आधी कुणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागते. ती वेळ त्यांच्यावर का यावी?

अण्णा आता नाहीत. एम-८० गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. त्यांचा प्लगपाना मात्र माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी माझी मुलगी तिची स्कूटर अंगणात घेऊन बसली होती. तिने एअर फिल्टर काढून झटकला, मागचा ब्रेक आवळला आणि मग प्लग काढून उजेडात धरला. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, “बाबा, तपकिरी आहे. बरी आहे ना?”

बरी होती. तिने प्लग परत बसवला, हात पोत्याला पुसले आणि चहा पिऊन कसाऱ्याच्या मैत्रिणीकडे निघून गेली. संध्याकाळी तिला यायला उशीर झाला, पण आम्ही दारात जाऊन उभे राहिलो नाही.